झाकलेलं मुसळ



सप्ताहात बोललेलं हे चिंतन आता कागदावर उतरून तुमच्या हातात आलं आहे. मंडपात मांडीला मांडी लावून बसलं की शेजारचा हसला म्हणून आपण हसतो, पुढच्यानं मान डोलावली म्हणून आपली मान डोलते. वाचताना तसं होत नाही. वाचताना माणूस एकटा असतो आणि बहुधा आपल्या घरात असतो. आजच्या विषयाला तेच बरं आहे. कारण आज ज्याच्याविषयी बोलायचं, ते मंडपात येऊन पुढं बसत नाही. ते फडताळात असतं, उशीखाली असतं, कपड्यांच्या घडीत असतं.

विषय व्यसनाचा आहे. थांबा, पान उलटू नका. "आम्ही माळकरी, आमच्या घरात तसलं काही नाही," असं म्हणाल. तुमच्या तोंडात साखर पडो. पण ज्या घरात काही नाही, त्या घरानंही हे वाचावं, आणि ज्या घरात आहे त्यानं तर दार लावून का होईना, शेवटपर्यंत वाचावं.

व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कोण येतो? बाजाराच्या दिवशी नालीच्या कडेला पडलेला, चप्पल एकीकडं, टोपी दुसरीकडं. पोरं दगड मारतात, बाया पदर ओढून पलीकडून जातात. तो दिसतो, म्हणून आपण समजतो की व्यसनी म्हणजे तो. अहो, तो शंभरातला एक. उरलेले नव्व्याण्णव इस्त्रीचे कपडे घालून कामाला जातात, पंक्तीत वाढतात, काकड आरतीला टाळ धरतात. ते पडत नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत.

आता एका घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसते बसून बघू.

पहाटे चूल पेटली, किंवा गॅस पेटला. चहाच्या आधी तव्यावर काय चढलं? तंबाखू. काळी होईस्तोवर भाजली, कुटली, डबीत भरली. मशेरी. आजी लावते, सासू लावते, सून लपून लावते. विचारा, "मावशी, काही व्यसन?" मावशी म्हणते, "छ्या! आम्हाला कसलं व्यसन? दात घासते नुसते." दिवसातून चार वेळा दात कोण घासतं गं माये? डबी सापडली नाही की डोकं धरतं, पोट साफ होत नाही, पोरावर हात उगारला जातो. हे दातांचं काम आहे का? भाजली म्हणून तंबाखूची तंबाखू जात नाही. तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. पोटुशी बाई मशेरी लावते तेव्हा पोटातल्या जिवालाही त्यातला वाटा पोचतो आणि लेकरू कमी वजनाचं जन्माला येण्याची भीती वाढते. देशात तंबाखूची मोठी पाहणी झाली होती, २०१६-१७ साली. आपल्या महाराष्ट्रात दर चार मोठ्या माणसांमागं साधारण एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारा निघाला. बायकांत दर सहा जणींमागं एक. बहुतेकांची तंबाखू ओढायची नव्हे, तोंडात ठेवायची. धूर नाही, वास नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही. तोंडाच्या आत काय चाललंय, ते घास गिळता येईना झाला म्हणजे कळतं.

आता बापाकडं या. खिशात चुन्याची डबी. गळ्यात तुळशीची माळ आणि गालात बार, दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर. मुलाच्या खिशात पुडी. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे. टपरीवर पुड्यांच्या माळा लटकायच्या त्या दिसेनाशा झाल्या. पण मागणाऱ्याच्या हातात पुडी येतेच, फक्त ती आता फळीखालून येते.

दुपारी काकूचं डोकं दुखतं, रात्री झोप येत नाही. कधी तरी, घरात कुणी गेलं होतं तेव्हा, डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. त्याला सहा वर्षं झाली. तोच जुना कागद दाखवून गोळी आणली जाते, एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. त्याला नाव काय? औषध. कॉलेजातला पोरगा खोकल्याचं औषध बाटलीनं पितो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अफूच्या कुळातलं. आईला वाटतं, लेकराचा खोकला काही जाईना.

संध्याकाळी मोठे चिरंजीव मित्रांबरोबर "बसतात." बघा, शब्दसुद्धा आपण किती निवडून ठेवले! पितो कुणीच म्हणत नाही. कुणी "बसतो," कुणी "घेतो," कुणी "थकवा काढतो," कुणी "कंपनी देतो." हळदीच्या रात्री घेतो, पोळ्याला घेतो, निवडणुकीत फुकट मिळते म्हणून घेतो. आषाढातली अमावास्या ही दिव्यांची अमावास्या. घरातले दिवे घासूनपुसून पुजायचे, श्रावणाच्या दारात उजेड लावायचा, तो दिवस. आपण त्याचं काय केलं? गटारी! दिव्याच्या सणाला गटाराचं नाव दिलं आणि वर हसतो. आणि कुणी त्याच्याही पुढं जाऊन चिलीम ओढतो आणि महादेवाकडं बोट दाखवतो. अरे बाबा, महादेवानं हलाहल प्यायलं ते जग वाचवण्यासाठी. तू कुणाला वाचवायला ओढतोस?

आणि घराबाहेर, रेल्वेच्या फलाटावर, पुलाखाली, दहा-बारा वर्षांचं पोर पंक्चर काढायचं सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगत असतं. त्याला भूक लागलेली असते. हुंगलं की भूक कळत नाही. आपण नाकाला रुमाल लावून पुढं जातो.

मी हे मनानं सांगत नाही. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून सगळ्या देशाची पाहणी करवून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दहा ते पंचाहत्तर वयाची माणसं धरली होती. दारू पिणारे सोळा कोटी. त्यांतले ज्यांना दारूनं धरलंय, ज्यांना मदत लागेल, असे ५.७ कोटी. झोपेच्या नि गुंगीच्या गोळ्या घेणारे एक कोटीहून जास्त. आणि हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली, की तिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा पोरांत जास्त.

पण सगळ्यांत मोठा आकडा मला वाटतो तो फार छोटा आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत कसला ना कसला उपचार मिळतो फक्त एकाला. दिंडीत आपण चार-चारांच्या रांगेनं चालतो. नऊ रांगा मोजा, वर दोघं घ्या. एवढ्यांतला एक माणूस डॉक्टरच्या दारात पोचतो. सदतीस कुठं आहेत? सदतीस घरी आहेत. कुणी तरी त्यांच्यावर पांघरूण घातलेलं आहे.

कुणी घातलं? शत्रूनं नाही. आईनं घातलं. बायकोनं घातलं.

एका गावी कीर्तन झालं, माणसं पाया पडून गेली. एक बाई खांबाला टेकून उभी. सगळे जाईपर्यंत थांबली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "महाराज, नवऱ्याच्या तब्येतीसाठी कुठली पोथी वाचू?" म्हटलं, "काय होतंय त्यांना?" म्हणाली, "अशक्तपणा." मी काही बोललो नाही. जरा वेळानं तिचीच मान खाली गेली. म्हणाली, "देव्हाऱ्यामागं बाटली ठेवतात. तिथं कुणी हात घालत नाही ना, म्हणून. मी रोज पुढून दिवा लावते." बारा वर्षं त्या बाईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्याला सांगायची, पोटात दुखतंय त्यांच्या. शाळेत मास्तरांना सांगायची, बाबा गावाला गेलेत. कामावर फोन करायची, ताप आलाय. पोरं दहा वर्षांची झाली तर तीही तसंच सांगायला शिकली. घरात शिकवावं लागत नाही हे, पोरं आईच्या तोंडाकडं बघून शिकतात.

ह्या बाईला दोष देऊ नका. तिनं प्रेमानं झाकलं. अब्रूसाठी झाकलं. धाकटी नणंद लग्नाची होती म्हणून झाकलं. पण माउली, उकळत्या पातेल्यावर झाकण घट्ट दाबून धरलं तर आच कमी होते का? आत वाफ कोंडते.

आणि समाज काय करतो? व्यासपीठावर दारुड्याची नक्कल होते. तोल जातो, जीभ अडखळते, मंडप खदखदून हसतो. त्या मंडपात पदर तोंडाला लावून तीही हसत असते, जिच्या घरी हे रोज रात्री चालतं. हसली नाही तर शेजारीण विचारेल ना! त्या रात्री ती घरी जाऊन आणखी एक कडी लावते. दारुड्यावर हशा पिकवायचा आणि मग म्हणायचं, लोक पुढं येऊन सांगत का नाहीत? कसे सांगतील?

आता आख्यानाकडं चला. नाथमहाराजांनी ज्या अकराव्या स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं, त्याच्या पहिल्याच अध्यायात मुसळाची गोष्ट आहे. आणि महाभारतात तर तिच्या नावाचं अख्खं पर्व आहे, मौसलपर्व. आपण ती गोष्ट ऋषींचा शाप म्हणून ऐकतो. आज झाकाझाकीची गोष्ट म्हणून ऐका.

द्वारकेत यादवांची तरणी पोरं माजली होती. ऋषी आलेले पाहून त्यांना थट्टा सुचली. कृष्णाचा मुलगा सांब, त्याला लुगडं नेसवलं, पोटाशी काही बांधलं आणि ऋषींपुढं उभा केला. "महाराज, हिला काय होईल?" ऋषी म्हणाले, हिला मुसळ होईल, लोखंडाचं, आणि ते तुमच्या कुळाचा नाश करील. आणि खरंच मुसळ निघालं. सुरुवात कशी झाली बघा. थट्टेनं! मित्रांच्या आग्रहानं! लुगड्याखाली लपवून! व्यसनाची सुरुवात आजही अशीच होते. "एक घोट घे रे, काय होतंय?"

मुसळ राजसभेत आणलं. सगळे घाबरले. आता घरात प्रत्यक्ष भगवंत आहेत. जाऊन पाय धरावेत, सांगावं, देवा, असं झालं, काय करू? पण मुसळाचं काय करायचं हे कृष्णाला विचारल्याचं भागवतात कुठं येत नाही. राजानं परस्पर मुसळ घासून त्याचं चूर्ण करवलं, समुद्रात टाकलं. उरलेला लोखंडाचा तुकडाही टाकला. दिसेनासं झालं, म्हणजे संपलं! पण ते चूर्ण लाटांनी किनाऱ्याला लागलं आणि त्याचं गवत उगवलं. एरका म्हणतात त्याला, आपल्या लव्हाळ्यासारखं. यादव रोज किनाऱ्यावर जात असतील, रोज ते गवत बघत असतील. आपण झाकलेलं उगवून आलंय, हे कुणाच्या ध्यानात आलं असेल?

मग महाभारत सांगतं, द्वारकेत दवंडी पिटली. आजपासून वृष्णी-अंधकांच्या घरात कुणी दारू गाळायची नाही. कुणी लपून गाळील तर त्याला भाऊबंदांसकट जिवंत सुळावर चढवू. केवढा कडक कायदा! हुकूम कुणाचा? उग्रसेनाचा, कृष्णाचा, बलरामाचा. त्यापुढं आपल्या आजच्या बंदीचं काय घेऊन बसलात? पण दारू संपली का? अपशकुन होऊ लागले, म्हणून सगळे तीर्थयात्रेला निघाले, प्रभासक्षेत्री. लक्ष द्या वारकऱ्यांनो, यात्रेला निघाले! आणि बरोबर काय घेतलं? खाणं घेतलं, आणि पिणंही घेतलं. सुळाची भीती असून पिणं निघालं कुठून? कुठं तरी झाकून ठेवलेलंच होतं.

प्रभासला ते प्याले. कृष्णाच्या डोळ्यांदेखत प्याले. जुन्या युद्धातली उणीदुणी निघाली. सात्यकी कृतवर्म्याला बोलला, कृतवर्मा सात्यकीला बोलला, तलवार निघाली, मुंडकं उडालं. मग जेवणाच्या उष्ट्या भांड्यांनी एकमेकांना मारलं. कृष्णाचा प्रद्युम्न बापाच्या समोर पडला. मग हाताला येईल ते गवत उपटलं, आणि प्रत्येक काडीचं मुसळ झालं. भारतीय युद्धातून जे वाचले होते ते एका पिण्याच्या बैठकीत संपले. आणि तो उरलेला लोखंडाचा तुकडा? मासा गिळून बसला होता. तो जरा नावाच्या व्याधाच्या हाती लागला, त्यानं बाणाला लावला, आणि तो बाण कुठं लागला ते तुम्हाला ठाऊक आहे. भगवंताच्या पायाला.

ह्या आख्यानातून मला आज तुम्हाला एकच गोष्ट द्यायची आहे. यादवांच्या घरात देव नव्हता का? होता. मूर्ती नव्हे, प्रत्यक्ष होता. बाप म्हणून होता, आजा म्हणून होता. त्याच्या घरात हे शिरलं, तर तुमच्या-माझ्या घराचं काय? म्हणून जी आई रात्री अंधारात स्वतःला विचारते, "माझ्या संस्कारांत काय कमी पडलं?" तिला माझं सांगणं आहे: आई, रडणं थांबव. देवकीनंदनाच्या घरी संस्कार कमी नव्हते. घरात देव आहे म्हणून व्यसन येणार नाही असं नाही, आणि व्यसन आलं म्हणून घरातला देव गेला असंही नाही. दोष आला यात नाही. त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकण्यात दोष आहे.

मग करायचं काय?

गाडगेबाबा आठवा. बाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. लहानगा डेबू आईबरोबर आजोळी वाढला. पुढं बाबांच्या मुलीचं बारसं आलं. जातभाईंची रीत अशी, की बारशाला दारू आणि मटण हवंच. बाबांनी पंगत बसवली आणि पानात गोडधोड वाढलं. भाऊबंद रागावले. पण बाबांनी रीत मोडली ती परक्याच्या घरात नव्हे, आपल्या दारात, आपल्या लेकीच्या बारशात. सुरुवात तिथून करावी लागते. पुढच्या हळदीला, पुढच्या बारशाला, तुमच्या दारात पानात काय पडणार, हे तुम्हीच ठरवणार आहात.

आता माळेचं सांगतो, आणि हे फार काळजीपूर्वक वाचा.

माळेनं दारू सुटते. सुटलेली माणसं दिंडी-दिंडीत आहेत. का सुटते? माळ घातली की माणसाला संगत बदलून मिळते. काल ज्याला गाव "बेवडा" म्हणत होतं, त्याला दिंडीत सगळे "माउली" म्हणतात. पहाटे उठायचं असतं, रात्री हरिपाठ असतो, पंधरा दिवसांनी एकादशी असते. रिकामा वेळ राहत नाही. हे बळ खरं आहे.

पण जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो, ज्याचे सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात आणि घोट पोटात गेल्यावर थांबतात, त्याला आज पंढरपुरात माळ घालून "उद्यापासून थेंब नाही" असं एकट्याला सोडून देऊ नका. त्याचं शरीर दारूवर चाललेलं असतं. ती एकदम बंद झाली की काही तासांत थरथर सुटते, घाम येतो. एक-दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेलं दिसतं, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, अंगात आलं, आणि अंगारा लावून बसतात. बाहेरचं काही नसतं ते. ती दारू तुटण्याची खूण असते, आणि वेळेवर उपचार नाही मिळाला तर त्यात माणूस दगावतो. मग लोक म्हणतात, माळ सोसली नाही! माळेला बोल का लावता? माळेच्या आधी डॉक्टर दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात, ते औषधानं ते आठ-दहा दिवस पार करून देतात. पुढचा जन्म सांभाळायला माळ आहेच. झोपेच्या गोळीचंही तेच. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एका रात्रीत बंद करू नका, डॉक्टरच्या सल्ल्यानं थोडी थोडी उतरवा.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांड्यांनी त्याला मोठी मदत केली. तिथं काय शिकवतात? व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाला शिव्या देऊन बरं करता येत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस नावाची मंडळीही गावोगाव बसतात. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी सुरू केलेलं ते काम आहे. फी नाही, जात नाही, आडनाव विचारत नाहीत. माणूस उभा राहतो आणि सांगतो, मी दारुडा आहे. जे घरात बारा वर्षं झाकलं, ते तिथं दोन मिनिटांत मोकळं होतं. आणि नेम कसला? फक्त आजचा दिवस. जन्मभराची शपथ घेत नाहीत. आपला वारकरी काय वेगळं करतो? आजचा मुक्काम आज चालायचा, उद्याचा उद्या.

सरकारचा एक फोन नंबर आहे, १४४४६. पैसे पडत नाहीत. व्यसनाविषयी कुणीही विचारू शकतं, पिणारा आणि त्याच्या घरचाही. पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी. तो प्यायलेला असताना बोलू नका, सकाळी शुद्धीवर असताना बोला, रागावून नव्हे, डोळ्यांत बघून बोला. त्याच्यासाठी खोटं बोलणं आजपासून बंद करा, त्याचा फोन त्याला करू द्या, त्याची उधारी त्याला फेडू द्या. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला खरं सांगा, दीर असो, मामा असो, मास्तर असो. आणि पोरांना जवळ घेऊन सांगा, बाबांना आजार आहे, तो तुमच्यामुळं झालेला नाही. त्यानं हात उचलला तर मात्र सहन करत बसू नका, पोरं घेऊन सुरक्षित जागी जा, ११२ ला फोन करा. मार खाणं हे काही पतिव्रतेचं व्रत नाही.

ती देव्हाऱ्याची बाई? तिनं त्या आठवड्यात थोरल्या दिराला सांगितलं. दिरानं भावाला रुग्णालयात नेलं. सुटली. चार महिन्यांनी पुन्हा लागली. पुन्हा नेलं. पुन्हा सुटली, पुन्हा लागली. माळ तुटली म्हणून तो दिंडीत यायला लाजायचा. मी त्याला निरोप पाठवला, तुटलेली माळ ओवता येते, मणी तेच असतात. गेली दोन वर्षं तो कोरडा आहे. तिसऱ्याचं मी सांगत नाही, तोही सांगत नाही. आजचा दिवस कोरडा आहे. तुमच्या दिंडीतला असा कुणी घसरला असेल तर त्याला बोलावून घ्या. पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, एखाद्याला चार खेपा उशीर झाला म्हणून तो निघून जाणार आहे का?

शेवटी मागणं मागायचं. ज्ञानोबारायांनी पसायदानात वाईट माणूस नाहीसा व्हावा असं मागितलं नाही. त्याचा वाकडेपणा जावा, एवढंच मागितलं. आपणही तसंच मागू. माणूस राहू दे, व्यसन जाऊ दे. त्याच्यावरचं झाकण काढायचं बळ घरच्यांना दे, आणि झाकण निघालेल्या घराला हसणार नाही अशी बुद्धी गावाला दे.

वाचून झालं असेल, तर आज रात्री दिवा लावताना घरातल्या त्या एका माणसाचं नाव मनात घ्या. आणि सकाळी, तो उठल्यावर, त्याच्याजवळ जाऊन बसा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!